डोक्याकडची दोरी

आमच्या क्राग्डू गावाचा इतिहास चर्चच्या भिंतीवर पाटी लावून लिहिलाय. त्यात हेरिंग मासळीच्या होड्या आहेत, जमीनदारसाहेब आहेत, त्यांचा घोडासुद्धा आहे. जेसीना नाही. म्हणून मी सांगतो.

गावात माणूस गेलं की पहिली हाक मला, दुसरी तिला. मी खड्डा खणायचो, ती दोऱ्या वळायची. पेटी कबरीत उतरवायच्या आठ काळ्या दोऱ्या, टोकाला गोंडे. तिचा बाप हेक्टर सुतार, पेट्या त्याच्या. कोळी असो की मेंढपाळ, मातीत उतरायचा तो जेसीनाच्या हातच्या दोरीवर.

पण तिनं स्वतः कधी दोरी धरली नव्हती. कशी धरणार? आमच्याकडे बायका कबरीपाशी येत नसत. त्यांनी दारातूनच निरोप द्यायचा आणि चहाचं आधण ठेवायचं. डोक्याकडची दोरी थोरल्या मुलाची, बाकीच्या ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणे. या मानापायी इथे सख्ख्या भावांनी बोलणं टाकलंय.

हेक्टरला अर्धांगवायू झाला तेव्हा जेसीनाचं लग्न ठरत आलं होतं. ते मोडलं. थोरला भाऊ रॉडरिक कॅनडात. त्याचं नाताळला कार्ड यायचं. म्हाताऱ्याला भरवणं, पुसणं, कूस बदलणं, सगळं हिच्या गळ्यात. वर म्हाताऱ्याचं तोंड फटकळ.

"ही ओटची पेज आहे की सरस?"

"सरसच आहे, बाबा. तोंड चिकटलं तर मला जरा शांतता मिळेल."

आणि दोघं खो खो हसायची. मी रस्त्यावरून ऐकलंय.

मार्चमध्ये म्हातारा गेला. रॉडरिकची तार आली, येणं जमत नाही. चर्चचा कारभारी मर्डो दोऱ्या कोणाकोणाला द्यायच्या ते ठरवायला बसला. जेसीना चहा देता देता म्हणाली, "डोक्याकडची मी धरीन."

मर्डोचा कप बशीवर खणकन वाजला. "अगं, काहीतरीच काय! असं कधी झालंय का?"

"त्यांची कूस कोण बदलत होतं इतकी वर्षं, मर्डोकाका?"

"ते घरातलं काम. हे वेगळं."

"मग डोक्याकडे कोण?"

"तुझा चुलतभाऊ एनिअस."

"एनिअस! त्याला आमच्या घराचं दार कुठल्या बाजूला आहे ते तरी ठाऊक आहे का?"

जेसीना आत गेली आणि दार लावून दोऱ्या वळत बसली.

दुसऱ्या दिवशी आळीपाळीनं खांदा देत आम्ही पेटी टेकडीवर नेली. वारा नुसता पिसाटला होता. कबरीवरच्या फळ्यांवर पेटी ठेवली, वरचं काळं कापड काढलं, तर डोक्याकडची कडी रिकामी.

"सुटून पडली वाटतं वाटेत," एनिअस म्हणाला.

"जेसीनाची गाठ? सुटेल कशाला!" मी म्हणालो.

मर्डो लालबुंद झाला. डोक्याकडे दोरीच नाही म्हटल्यावर हेक्टर उलटा आत जायचा. एवढ्यात फाटक वाजलं. जेसीना! अंगात बापाचा जुना कोट, दोरी मनगटाला गुंडाळलेली. ती सरळ आली, वाकली आणि कडीत दोरी बांधली.

"जेसीना, घरी जा," मर्डो म्हणाला.

"जाते. आधी बाबांना पोचवते."

पाद्रीबाबांनी मर्डोकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून प्रार्थना सुरू केली.

आम्ही हळूहळू दोऱ्या सैल सोडत गेलो. पेटी तळाला टेकली. मग रीत अशी, की ज्यानं त्यानं आपली दोरी आत टाकायची. बाकीच्या पडल्या. तिची तेवढी तशीच ताणलेली राहिली.

कोणीतरी खाकरलं. मी फावडं घेऊन उभा. माती लोटायचं काम माझंच होतं.

"जेसीना, सोड गं आता," मी हळूच म्हणालो.

तोवर ती रडली नव्हती. आता डोळे घळाघळा वाहायला लागले, पण मूठ काही उघडेना.

"आत्ता कुठे हातात आलीय रे, डुगाल," ती म्हणाली. "लगेच कशी सोडू?"

मी फावडं खाली ठेवलं. त्या वाऱ्यात आम्ही सगळे पुरुष उघड्या डोक्यानं तिच्यासाठी थांबून राहिलो.