पिवळ्या खांबाचा भंडारा

निमगाव केतकीच्या शिवारात सिद्धूला सगळे 'लाइनवाला' म्हणतात. अंगात कंपनीचं नारिंगी जाकीट, हातात काठी. जमिनीखालून गेलेल्या गॅसच्या पाइपावरून रोज चालायचं आणि तिथं कुणी खणत नाही ना, एवढं बघायचं. त्याचा बाप ह्याच माळानं मेंढरांमागं चालला. मेंढरं निदान मागं वळून बघायची. पाइप बघत नाही.

गॅस परदेशातला. जहाजानं येतो, किनाऱ्यावर उतरतो आणि सिद्धूच्या रानाखालून बारामतीच्या कारखान्यांकडं जातो. हा धंदा कंपनीला जगभर दुप्पट करायचाय, असं ट्रेनिंगला पडद्यावर दाखवलं होतं. पडद्यावर पृथ्वी होती नि तिच्यावर बाण होते. एक बाण इंदापुरावरून गेल्यासारखा सिद्धूला वाटला. घरी येऊन त्यानं हे आईला, बानूबाईला, कौतुकानं सांगितलं. ती सरपण फोडत होती.

"मंग आपल्या चुलीला कवा येणार?"

"आपल्या चुलीला न्हाय, आई. आपुन फकस्त वाटंत हाय."

बानूबाईनं पुढचं लाकूड घेतलं.

पण सिद्धूच्या जिवाला घोर होता तो त्यांच्याच रानातल्या खांबाचा. पाइप कुठून गेलाय हे कळावं म्हणून कंपनीनं जागोजागी नंबर घातलेले पिवळे खांब रोवलेत. बाकीचे खांब गुमान उभे असतात. ह्या एकाला बानूबाई दर रविवारी भंडारा लावायची, नारळ फोडायची. नंबर हळदीत बुडून जायचा. पूर्वी तिथं बिरोबाचा धोंडा होता, पाइपाच्या कामात तो कुठं गेला कुणास ठाऊक. म्हातारीची नजर अधू झाली, पिवळं दिसलं की हात जोडते, असं सिद्धूनं आपल्या मनानंच ठरवून टाकलं. सोमवारी बादली नि ब्रश घेऊन तो मुकाट खांब घासायचा. आईला विचारलं कधीच नाही. विचारलं की ऐकून घ्यावं लागतं.

कंपनीच्या साहेबांनी दम भरला होता, पुन्हा नंबर झाकलेला दिसला तर जाकीट काढून घेईन. आणि सिद्धूला ही नोकरी जिवापाड हवी होती. मेंढरं केव्हाच विकली होती.

अशात राजेश्वरी मॅडम आल्या, पुण्याच्या ऑफिसातून. धंदा दुप्पट करायचा तर शेजारून दुसरा पाइप घालायचा होता, त्याला शेतकऱ्यांची संमती लागते. आल्या त्या नेमक्या रविवारी. खांब हळदीनं न्हालेला, पायाशी नारळाचं पाणी. सिद्धूच्या तोंडचं पाणी पळालं.

"आजी, हा तुमचा देव का?" मॅडमनी विचारलं.

"देव कुठला, बाई? कंपनीचा खांब हाय. मला दिसतंय की." बानूबाईनं हात पदराला पुसले. "देव त्याच्या खाली हाय. मशीनवाल्यानं मातीसंगं आत लोटला. मी वरडत हुते, त्याला ऐकू गेलं न्हाय. ह्यो माझा ल्योक तवा भिगवणला मासळीच्या गाडीवर हुता."

सिद्धूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके सोमवार तो ब्रश घासत होता.

"आता नवा पाइप घालताय न्हवं?" बानूबाई म्हणाली. "घाला. माझा अंगठा घ्या. खणताना तेवढा माझा बिरोबा वर काढा."

मॅडमनी नकाशा उलटसुलट करून बघितला. "नवा पाइप पलीकडून जाणार, आजी. इथं खणता येत नाही. खाली गॅस चालू आहे."

"बंद कवा हुणार?"

"कंपनीचं नियोजन चाळीस वर्षांचं आहे."

बानूबाईनं भंडाऱ्याची पिशवी सिद्धूपुढं धरली.

"मंग माझ्या मागं तू लाव. लावशील का रं?"

मॅडम बघत होत्या. साहेबांचा दम त्यांनाही ठाऊक होता.

"लावीन," सिद्धू म्हणाला. जाकीट अंगातच होतं.

मॅडमनी नकाशाची घडी घातली. "रंग तर नियमातलाच आहे," म्हणाल्या. "नंबर तेवढा दिसू द्या."

सोमवारी सिद्धूनं बादली नेली नाही. पुढच्या रविवारी डाव्या हातानं नंबर झाकून धरला, आणि बाकीचा सगळा खांब त्यानं स्वतः माखला.