केळ्यातले काळे ठिपके

नेपानगरच्या कागद कारखान्याच्या क्वार्टरमध्ये मी वाढले. केळी आमच्या दारात हातगाडीवरून यायची, डझनाने. एवढ्या ज्ञानावर मी बुऱ्हाणपूरजवळ तापीकाठच्या एका शाळेत चौथीला विज्ञान शिकवायला उभी राहिले, आणि समोर बसलेली सगळी मुलं केळीच्या बागांमधून उठून आलेली.

बीपासून रोप, असा धडा होता. विज्ञानाची पेटी हेडमास्तरांच्या कपाटात कुलपात. फुटलं-तुटलं तर जबाबदारी कोणाची, एवढंच विज्ञान त्यांना येत होतं. म्हणून मूग आणि कापूस मी घरून नेला. मूग उगवले आणि मी स्वतःवरच खूश झाले. तेवढ्यात पुढे बसलेली एक मुलगी उठली. अख्ख्या वर्गात प्रश्न विचारणारी ती एकटीच होती.

"मॅडम, केळीचं बीज कुठे राहतं?"

मला माहीत नव्हतं. माहीत नाही म्हणायला जीभ रेटेना. डब्यातलं केळं मी मधोमध कापलं आणि गरातले बारीक काळे ठिपके दाखवले. "हे बघ. हेच."

तिने ते ठिपके नखाने टोकरून काढले, ओल्या कापसात ठेवले आणि पंधरा दिवस रोज त्यांच्यावर पाणी शिंपडलं. कापूस कुजला, पण तिचा धीर सुटला नाही. शेवटी तिचा बाप शाळेत आला. पोत्यातून मातीसकट एक केळीचा कंद काढून त्याने माझ्या टेबलावर आदळला. कंदाला कोंब फुटलेला होता.

"मॅडम, पोरगी घरात भांडून राहिली. म्हणते, मॅडमला तुमच्यापेक्षा जास्त समजतं. आम्ही तर हाच लावतो. बीज कोन लावतं?"

वर्ग हसला. ती हसली नाही. मी काहीतरी बोलेन म्हणून माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणाले, "ठीक आहे, व्हरांड्यात ठेवा."

दुपारी हेडमास्तरांना सांगितलं, उद्या वर्गात चूक कबूल करते.

"बिल्कुल नहीं, मॅडम. कल इन्स्पेक्शन है. टीचर ने गलती मानी तो क्लास हाथ से गई. बाद में देखेंगे."

त्यांचा तेव्हा संताप आला, आजही येतो. पण त्यांनी अडवल्यावर मला आतून सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि त्या वाटण्याचा संताप जास्त येतो.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. हातात मोबाइल, पायात चकचकीत बूट. व्हरांड्यातल्या त्या कंदाला ठेचकाळले, तो काय आहे हे न विचारता वर्गात शिरले. भिंतीवरच्या फळांच्या तक्त्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "केला किससे उगता है?"

उत्तर सगळ्यांना येत होतं. तरी सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग ती उठली. चालायला लागल्यापासून जी बापामागे बागेत कंद पोचवत आली होती, ती.

"बीज से," ती म्हणाली. अगदी स्पष्ट.

"शाबाश." साहेबांनी मोबाइलवर काहीतरी भरलं, तिचा फोटो काढला. हेडमास्तरांनी मान डोलावली. मी फळ्याजवळ खडू धरून उभी होते, आणि उभीच राहिले.

मधल्या सुट्टीत मी तिला गाठलं. "तुला खरं माहीत होतं ना?"

"हो, मॅडम."

"मग?"

"तुम्हाला डांट पडली असती."

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांना न विचारता मी वर्गासमोर चूक कबूल केली. शाळेमागे कंद लावला, तो लावायलाही मुलांनीच मला शिकवलं. वर्ग काही हातातून गेला नाही. फक्त ती, वर्ष संपेपर्यंत, प्रश्न विचारायला एकदाही उठली नाही.