पहिला आलेला मारोती

प्राचार्यांनी फ्लेक्स छापून आणला होता. ‘डिजिटल टॉपर : मारोती शेंडे.’

“मारोतीला उद्या जरा बऱ्या कपड्यात यायला सांगा,” ते मला म्हणाले. “कॉलेज तपासायला कमिटी येतेय, तिच्यासमोर सर्टिफिकेट द्यायचंय.”

अडचण एवढीच, की माझ्या हजेरीपटात शेंडे सहा होते आणि त्यांत मारोती कोणी नव्हता.

मी वनस्पतिशास्त्र शिकवतो. त्या सत्रात वरून आदेश होता, अंतर्गत परीक्षा लाइव्ह क्विझवर घ्या. म्हणजे पडद्यावर प्रश्न, मुलांच्या हातात मोबाईल. उत्तर दाबलं की पडद्यावर रंगीत पट्ट्या उंच होतात आणि शेवटी टूल स्वतःच गुणांचा रिपोर्ट काढतं. वीस वर्षं खडू झिजवलेल्या माणसाला यात काही करायचं उरत नाही. रेंज येण्याची वाट पाहायची, बस.

वर्गात जाऊन विचारलं, “मारोती कोण रे?”

मागच्या बाकावरून वैशाली शेंडे उठली. “सर, माहे बाबा हायेत. तळ्यावर मासोळ्या धरतेत.”

“ते क्विझमध्ये कसे आले?”

“मोबाईल त्याईचा हाय ना. नाव आपोआप येते.”

“मग बदललं काऊन नाई?”

“तुमीच म्हनलं सर, नाव दिसून राह्यलं असंन तं पुढं दाबा.”

म्हटलं होतं खरं. रिपोर्टमध्ये मारोतीला वीसपैकी एकोणीस होते. वैशालीपुढे शून्य. शेवटचं सेमिस्टर. विषय राहिला की पदवी राहिली, आणि पदवी राहिली की वनविभागाच्या भरतीचा फॉर्म राहिला. गुण भरायचं पोर्टल पाच वाजता बंद होणार होतं. चार वाजून गेले होते.

तिला घेऊन केबिनमध्ये गेलो.

“रिपोर्ट सिस्टीमनं काढलाय,” प्राचार्य म्हणाले. “हातानं बदलला तर कमिटी विचारेल, ट्रान्सपरन्सी कुठाय?”

“मग मारोतीभाऊंना पदवी द्यावी लागेल, सर.”

त्यांना ते आवडलं नाही. “मी स्वतः खात्री करतो,” म्हणत त्यांनी तिचा प्रवेश अर्ज मागवला आणि त्यावरचा वडिलांचा नंबर फिरवला. वैशालीच्या हातातला मोबाईल वाजला.

“उचलू का, सर?” तिनं विचारलं.

प्राचार्यांनी फोन ठेवला. “लेखी द्या.”

मी लिहिलं : ‘रिपोर्टमधील मारोती म्हणजे वैशाली समजावी.’ त्यांनी सही केली, शिक्का मारला. पाचला सहा मिनिटं असताना एकोणीस गुण पोर्टलवर चढले.

दुसऱ्या दिवशी सर्टिफिकेट वैशालीनं घेतलं. कमिटीनं मुलींच्या सहभागाबद्दल समाधान नोंदवलं. मारोतीभाऊही आले होते. मंडपामागं दुमडून ठेवलेल्या फ्लेक्सवरचं आपलं नाव त्यांनी बोटानं वाचलं.

“मी तं चौथीतच शाळा सोडली होती, सर,” ते म्हणाले. “हे कापड मोठं मजबूत हाय. नेऊ का?”

नेलं. परवा त्यांच्या गावाकडे गेलो, तर त्यावर मासोळ्या वाळत होत्या.

आता क्विझच्या आधी मी तोंडी हजेरी घेतो आणि प्रत्येकाला विचारतो, मोबाईल कोणाचा? दहा मिनिटं जातात. तेवढ्यात रेंजही येते.