आमच्या गाडीला टेम्पोचे शॉकअप

रोह्याला आमच्या घरी गणपती पेणहून येतो, आणि येतो तो सासऱ्यांनी हौसेने घेतलेल्या गोल दिव्यांच्या गाडीतूनच. आता ती इतकी जुनी झाली आहे, की तिच्याशेजारी उभं राहून लोक फोटो काढतात. आत बसायला मात्र कोणी तयार नसतं. एका वर्षी नागोठण्याच्या अलीकडे ती खड्ड्यात अशी आदळली, की शाडूच्या मूर्तीचा हात कोपरातून निखळला. भंगलेली मूर्ती पुजत नाहीत. आमचे हे तसेच मागे फिरले आणि मूर्तीच्या कारखान्यात मागे राहिलेली, कोणीच ऑर्डर न दिलेली एक मूर्ती घेऊन आले. सासूबाई त्यांना एका शब्दानेही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर परवडलं असतं. विसर्जन झाल्यावर यांनीच आईसमोर जाहीर केलं, "परत मूर्तीला साधा ओरखडा जरी आला, तर गाडी विकून टाकीन." बोलून गेले खरे, पण तेव्हापासून जेवणात लक्ष लागेना. गाडी यांना माझ्यापेक्षा जास्त आवडते असं मी चेष्टेत म्हणते. हे कधी नाही म्हणत नाहीत.

दोष शॉकअपचा, यावर सगळ्यांचं एकमत झालं. रस्त्याला दोष द्यायची पद्धत आमच्याकडे कधीच बंद पडली आहे. महामार्ग चौपदरी होतोय, होतोय म्हणता म्हणता माझे केस पांढरे झाले. तेव्हा शॉकअप बदलायचे ठरले. कुठले, हा प्रश्न होता, आणि आमच्या आळीत कुठलाही प्रश्न एकट्याने सोडवायला परवानगी नाही. येणारा-जाणारा प्रत्येक पुरुष डिकीवर दोन्ही हात टेकून गाडी खाली दाबायचा, सोडून द्यायचा, ती किती झुलते ते बघायचा आणि गंभीरपणे "गेलेत" म्हणायचा. दूधवाल्यानेही दाबून बघितलं. शेजारचे भाऊजी नागोठण्याला कंपनीत शिफ्टला जातात, म्हणून त्यांचं मत तांत्रिक धरलं जातं. ते म्हणाले, नव्या गाड्यांना असतात तसे स्ट्रट टाका. आणखी कोणी भंगारबाजारातून मूळच्या कंपनीचे शॉकअप शोधून आणले. त्यांतून तेल गळत होतं, पण ते म्हणे ओरिजनल तेल होतं.

शेवटी आम्ही पेणच्या मेकॅनिककडे गेलो. हा बरीच वर्षं आखातात होता आणि इथल्या प्रत्येक गाडीकडे तिथल्या नजरेने बघतो. "स्ट्रट हिच्यात बसायचा नाय वहिनी, बॉडी कापायला लागंल," तो म्हणाला. मग त्याने दोन तऱ्हा दाखवल्या. एक मूळच्या मापाचे, मऊ. दुसरे कडक, हेवी ड्युटी. मी मऊ म्हणाले. दोघांनीही मी चहाचं विचारल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

तिथून यंदाच्या मूर्तीची ऑर्डर द्यायला पेणजवळच्या जोह्याला गेलो. कारखान्याचा मालक बोलता बोलता म्हणाला, "आमच्या मूर्ती टेम्पोतून कुठं कुठं जातात, बोट तुटत नाय कुणाचं." झालं! यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. हे तडक दाराशी उभ्या असलेल्या टेम्पोखाली शिरले. मी टेम्पोच्या आत बघितलं. मूर्ती गळ्यापर्यंत भाताच्या पेंढ्यात बसवल्या होत्या.

"अहो, हा पेंढा बघा," मी म्हटलं.

"पेंढ्याचं काय घेऊन बसलीस," टेम्पोखालून आवाज आला. "शॉकअप बघ केवढा जाडजूड आहे!"

मेकॅनिकने माप जुळावं म्हणून लेथवर बुश करून घेतले आणि आमच्या गाडीला टेम्पोचे शॉकअप ठोकून बसवले. आळीत पुन्हा परीक्षा झाली. भाऊजींनी डिकी दाबली, दूधवाल्याने दाबली, मग दोघांनी मिळून दाबली. गाडी तसूभर हलली नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. गाडी दबत नाही, तर खड्ड्याचा धक्का जाणार कुठे, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. मी सासूबाईंना हळूच पेंढ्याचं सुचवून पाहिलं. "देव काय आंबे हायत गो, पेंढ्यात घालायला?" त्या म्हणाल्या.

त्यामुळे गणपती आणायच्या दिवशी मूर्ती माझ्या मांडीवर आली आणि धक्काही. वडखळ गेलं नाही तोच मला कळलं, की सीटवर टेकले तर मूर्ती गेली. पाय घट्ट रोवून, पाठ मागे दाबून मी अर्धी उभीच राहिले. प्रत्येक खड्ड्याला हे न वळता विचारायचे, "हात आहे?" मी म्हणायचे, "आहे." यांचा आवाज असा, की जणू गाडी नव्हे, पोटचं पोर विकायची वेळ आलीय. मला राग येत होता आणि यांची दयाही येत होती.

मूर्ती अखंड घरी पोचली. आळी जमली ती शॉकअपचं कौतुक करायला. एकाने खाली वाकून मेकसुद्धा लिहून घेतला. मला गाडीतून उतरता येत नव्हतं, हे कोणी बघितलं नाही. माझं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर म्हटलं, "पुढल्या वर्षी गाडी मी चालवणार. मूर्ती तुम्ही मांडीवर घ्या." हे आनंदाने हो म्हणाले. शॉकअपवर भरवसाच तेवढा होता.

पुढल्या वर्षी मी चालवली, आणि देवाशप्पथ, एकही खड्डा मुद्दाम घेतला नाही. वडखळपर्यंत हे शॉकअपचे गुण सांगत होते. नागोठण्याला गप्प झाले. पुढे आरशात बघितलं तर हे सीट सोडून अधांतरी, घामाने निथळत, मूर्तीला कवटाळून.

"जरा हळू घेतेस का गो?" एवढंच बोलले.

दाराशी सासूबाई तांब्या घेऊन उभ्या होत्या. मूर्ती आणणाऱ्याच्या पायांवर पाणी घालून मगच त्याला आत घेतात. हे मूर्ती घेऊन लंगडत आले आणि उंबऱ्याबाहेर थांबून, आळीला ऐकू जाईल असं म्हणाले, "आई, शॉकअप चुकलेत. गणपती गेले की मऊ टाकतो. गेल्या वर्षीची मूर्ती शॉकअपनी नाही, हिने आणली."

सासूबाई माझ्याकडे वळल्या आणि त्यांनी माझ्या पायांवर तांब्या ओतला.

"अगं आई, मूर्ती माझ्या हातात आहे," हे म्हणाले.

"तू थांब जरा," त्या म्हणाल्या. "तिचं गेल्या सालचं ऱ्हायलंय."