एक नंबरचं भांडण

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्याशीच भांडत होतो. म्हणजे मोबाइलवर लिहीत होतो, की तू एक नंबरला ठेवलेला अल्बम फार तर दुसरा... मेसेज अर्धाच राहिला.

आमची गाठ चंद्रपूरच्या कॉलेजातली. वसतिगृहात बाकीचे सिनेमाची गाणी ऐकायचे आणि हा इलेक्ट्रिक गिटारचा कल्लोळ. याचं डोकं ठिकाणावर नाही असं मला वाटलं. महिनाभरात माझंही राहिलं नाही. पुढे तो एटापल्लीकडे शिक्षक झाला, मी चंद्रपुरात औषधांचं दुकान टाकलं. पण वर्षाअखेरी आवडते दहा रॉक आणि इंडी, म्हणजे स्वतंत्र बँडचे, अल्बम ठरवायचे, हा नेम सुटला नाही. तिकडे नेटवर्कची बोंब. म्हणून चंद्रपूरला आला की तो मोबाइल गच्च भरून न्यायचा आणि सूरजागडच्या खाणीतल्या लोहखनिजाच्या ट्रकांमागे गाडी अडकली की अख्खा अल्बम ऐकायचा. लोक त्या रस्त्याला शिव्या देत. हा म्हणायचा, "जाम नसता तं शेवटची गानी कोन आयकते बे?"

नऊ अल्बम सहज ठरत. एक नंबरवर मात्र दोघांचं एकमत झाल्याशिवाय आमचं वर्ष संपत नसे. एकदा ते होळीपर्यंत लांबलं होतं.

यंदा त्याचा जीव जडला होता ईशान्येकडच्या एका नव्या बँडवर. घरातच रेकॉर्ड केलेला अल्बम, मागे भुंकणारं कुत्रंही तसंच ठेवलेलं. मला तो कच्चा वाटला.

मिलिंदच्या पुण्यानुमोदनाचा विधी आटोपल्यावर त्याची बायको, संघमित्रा वहिनी, हळूच म्हणाल्या, "भाऊ, एक मांगू? ह्या वर्षी यायले हो म्हणून टाका ना. बरं वाटन त्यायले."

गेलेल्या मित्राला एवढंही द्यायचं नाही? मी मान डोलावली. पण एकदा नीट ऐकून मगच, म्हटलं. अंगणातल्या त्याच्या गाडीत आम्ही दोघं बसलो. वहिनींनी यातलं गाणं कधी पुरतं ऐकलं नव्हतं. तिसऱ्या गाण्याला मला रडू आवरेना. अल्बम संपला, त्या माझ्याकडे बघत राहिल्या. हो म्हणायला तोंड उघडलं आणि... नाही जमलं. खोटं हो म्हटलं असतं तर तो खरंच गेला असता.

"नाई वहिनी. दोन नंबरच."

त्या इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हसल्या, पदराने डोळे पुसत.

"तुमी दोघंबी सारखेच. हे असते तं आता पुन्हा पहिलेपासून लावलं असतं."

आणि त्यांनीच लावलं.