पुराच्या मापानं

छोट्या वीजघराचं टर्बाइन केवढं घ्यायचं, ते ठरवायला आमच्या इंजिनिअर कदम मॅडम आणि मी नदीवरच्या बुटक्या बंधाऱ्यापाशी गेलो, तेव्हा पूर आला होता. मुळासकट उपटलेलं जांभळीचं झाड पाण्यानं बंधाऱ्याच्या भिंतीवर आपटलं आणि ते काडकन मोडलं.

“केवढा जोर! मोठंच बसवू,” मी ओरडले.

“हा जोर चार दिवसांचा. पुढं वर्षभर पाणी पुरणार नाही, मोठं मशीन नुसतं बसून राहील. लहानच घेऊ.”

मला वडील आठवले. ते क्वचितच भडकायचे. भडकले की भांडी भिरकावायचे, आईचा हात पिरगाळायचे. पण आईनं अख्खं आयुष्य त्या रागाच्याच मापानं बेतलं. शांत दिवसांतही ती दबक्या आवाजातच बोलायची.

आम्ही लहान टर्बाइन ठरवलं. पूर भिंतीला धडका देत होता. मी मागे सरले नाही.