समुद्राला उतार नसतो

सोनुने गुरुजी गेल्याची बातमी मला एस.टी.च्या कंडक्टरने दिली. मलकापूरच्या स्टँडवर गाडी लागली, तो खाली उतरला आणि मला पाहून म्हणाला, "बाई, तुमचे ते समुद्रवाले गुरुजी वारले ना. साखरखेर्ड्याले, त्यायच्या घरी." मागे लोक चढायची घाई करत होते, त्यामुळे त्याला जास्त काही विचारता आले नाही. मी पिशवी मांडीवर घेऊन तिथल्याच बाकावर बसले आणि माझी गाडी निघून गेली... या गोष्टीला आता काही आठवडे झाले. समुद्रवाले गुरुजी! ज्यांना कंडक्टरसुद्धा या नावाने ओळखत, त्यांची सारी नोकरी बुलढाणा जिल्ह्यात झाली. तिथे समुद्र म्हणजे नकाशावरचा निळा रंग, आणि तोही शाळेच्या नकाशावर उन्हाने उडालेला.

त्यांची-माझी गाठ पडली तेव्हा महाराष्ट्र राज्य नवे होते. मी घाटाखालची, मलकापूरकडची. नेमणूक मिळाली घाटमाथ्यावरच्या एका गावी. गावाचे नाव सांगत नाही, कारण पुढे जे घडले त्यातले लोक अजून आहेत आणि ते पेपर वाचतात. शाळेत शिक्षक दोन, गुरुजी आणि मी. पहिल्याच दिवशी त्यांनी मला शाळेच्या कौलांकडे बोट करून विचारले, "बाई, या आढ्यावर पाऊस पडला तं कुठी जाईल?" मी म्हटले, खाली पडेल. ते चिडले. त्यांना चिडायला फार लागत नसे. मग त्यांनीच सांगितले. उत्तरेकडच्या कौलांवरचे पाणी घाट उतरून पूर्णेला, पूर्णेतून तापीला आणि तापीतून पश्चिमेच्या समुद्राला जाते. दक्षिणेकडचे पैनगंगेला मिळते आणि फिरत फिरत गोदावरीतून पूर्वेच्या समुद्राला जाते. "आपला जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबईत गेला, मुंबईतून महाराष्ट्रात आला. पाणी मात्र जिकडं जात होतं तिकडंच जाऊन राह्यलं," असे ते म्हणत. मी घाटाखालची म्हणून मला चिडवायला त्यांना हे बरे सापडले होते. सकाळी तोंड धुऊन चूळ टाकली की म्हणायचे, "घ्या बाई, धाडली तुमच्या माहेराले."

लोक मला विचारतात, गुरुजींनी समुद्र पाहिला तरी होता का? पाहिला होता, एकदा, मुंबईला, आणि तो त्यांना आवडला नव्हता. "लई आवाज करते," म्हणाले. "आन काठाले पाहतो तं आपल्याच गावासारख्या चिंध्या न् टिनं. मंग मले समजलं का आपलं सारं तिथं जाते." एवढ्यावर त्यांचे सारे शिक्षण उभे होते. तेव्हा समवाय पद्धतीचा बोलबाला होता, म्हणजे एका हातच्या कामात गणित, भूगोल, भाषा सगळे गुंफून शिकवायचे. आमच्याकडे बहुतेक शाळांत ते टकळीच्या सुतापाशी सुरू होई आणि तिथेच संपे. गुरुजींनी त्या सुताला नीळ लावून त्याच्या नद्या केल्या. अंगणात मुलांकडून मातीचा महाराष्ट्र करून घेतला, घाटाच्या जागी दगड रचले आणि दोन्ही टोकांना दोन लोखंडी घमेली पुरली. ते दोन समुद्र. वर्गाचे दोन गट केले. घाटाकडचा नाला माझ्या गटाकडे, पैनगंगेकडचा त्यांच्या गटाकडे. मुलांनी तुराट्यांच्या जाळ्या विणून नाल्यांत आडव्या लावल्या. जाळीला जे अडकेल ते मोजायचे, तोलायचे, त्यावर चार ओळी लिहायच्या आणि मग ते आपापल्या घमेल्यात टाकायचे. मुलींनी भुलाबाईच्या गाण्यांच्या चालीवर या कचऱ्याचे गाणे केले होते, ते गावात घरोघर गेले.

महिनाभरात घमेली वास मारू लागली. मी म्हटले, गुरुजी, आता हे कुठे तरी फेकून देऊ. ते वर्गाकडे वळले आणि म्हणाले, "बाई समुद्र फेकून द्या म्हणतात. कुठी फेकता बे पोरंहो? नाल्यातलं नदीत जाते, नदीतलं समुद्रात जाते. समुद्रातलं कुठी जाते?" मुले घमेल्यांकडे पाहू लागली. "समुद्राले उतार नसते," ते म्हणाले. मी इतकी वर्षे शिकवते आहे, पण इतके साधे आणि इतके खरे वाक्य वर्गात मला एकदाही सुचले नाही.

इथपर्यंत सगळे छान होते, आणि इथेच घोटाळा झाला. ज्यांचा समुद्र स्वच्छ राहील त्या गटाला पोळ्याच्या दिवशी गुरुजींकडून गुळाची भेली मिळणार होती. मुले ती मुलेच. आपला नाला साफ ठेवायचा सोपा उपाय त्यांनी शोधून काढला. आपल्या बाजूचा कचरा उचलायचा आणि दोन नाल्यांमधला गाडरस्ता ओलांडून दुसऱ्यांच्या बाजूला टाकायचा. दोन्ही गट हेच करत होते आणि आम्ही दोघे घमेल्यांत डोकावून कौतुक करत होतो. कचऱ्यावरच भागले असते तर हसण्यावारी गेले असते. त्या वर्षी आमच्याकडे पिकावर एन्ड्रिन हे किडीचे जहाल औषध फवारणे नव्याने आले होते. लोक नाल्यावर पंप धूत, रिकामी टिने तिथेच टाकत. गुरुजींच्या गटातल्या पोरांनी आपापल्या बापांच्या मागे लागून हे बंद करवले. बापांनीही पोरांचा शब्द राखला. ते पंप घेऊन रस्ता ओलांडून घाटाकडच्या नाल्यावर धुवायला जाऊ लागले!

त्या नाल्याच्या उतारावर पाच-सहा घरांची एक वस्ती होती. तिथली पारबताबाई विधवा. तिची मुलगी कमल माझ्या गटात होती. अभ्यासात हुशार, जाळी विणण्यात सगळ्यांत पुढे. एका सकाळी पारबताबाईच्या शेळ्या नाल्यावर पाणी पिऊन आल्या आणि दुपारपर्यंत सगळ्या दारात आडव्या झाल्या. वस्तीतली माणसे नाल्याकाठी उकरलेल्या झिऱ्याचेच पाणी पीत. त्यांना काही झाले नाही हे नशीब... दुसऱ्या दिवसापासून कमल शाळेत आली नाही. आम्ही गेलो तर पारबताबाई दारातच उभी राहिली. "तुमच्या शाळेनं माह्या बकऱ्या मारल्या. आता पोरगी बी पाह्यजे काय?" एवढेच बोलली.

गावात सभा बसली. गुरुजींना वाचवायला लोक तयार होते. टिने कोणाची ते कोणालाच ठाऊक नाही, असे म्हणून विषय संपवायचा बेत होता. गुरुजी उभे राहिले. "चूक माही हाय. मी एकाच वर्गाच्या पोरायचे दोन समुद्र केले. आपला साफ झाला म्हंजे काम झालं, हे म्याच शिकवलं." मग ते शेतकऱ्यांकडे वळले. पंप आपापल्या वावरात, विहिरीपासून दूर खड्डा करून धुवा, टिने तिथेच पुरा, असे त्यांनी मागितले. एक जण उसळून म्हणाला, "मंग माह्या वावरात जहर काऊन जिरवू?" गुरुजी म्हणाले, "मंग पारबताबाईच्या घरात काऊन जिरवता?" खड्डे झाले. सगळ्यांनी केले असे म्हणणार नाही, पण झाले.

कमल काही येईना. झिऱ्याचे पाणी बंद झाले होते, म्हणून गुरुजी रोज शाळेआधी दुसऱ्या बाजूच्या विहिरीची घागर खांद्यावर घेऊन वस्तीवर जाऊ लागले. मागे मोठी मुले कळशा घेऊन असत. पारबताबाई रांजणात पाणी ओतू देई, पण त्यांच्याशी बोलत नसे. मला ते पाहवत नव्हते. साहेबांची तपासणी जवळ आली होती, अभ्यास मागे पडला होता. मी म्हटले, "गुरुजी, एक पोरगी आली नाही तर जग बुडत नाही." ते माझ्यावर इतके ओरडले की मुले वर्गाबाहेर येऊन पाहू लागली. "ते एक पोरगी आली नाही तं मी बाकीच्यायले काय शिकवू? भूगोल?" एका सकाळी उतारावर त्यांचा पाय घसरला, घागर फुटली आणि गुरुजी धोतरासकट चिखलात बसले. ते तसेच बसून राहिले, आणि रडले. मी पाहिले आहे. पारबताबाई दारातून आली, उभी राहून बघत राहिली आणि म्हणाली, "उठा गुरुजी. न्या पोरगी. पन उद्यापासून तुम्ही पानी आनू नोका, आनता कमी आन सांडता जास्त." कमल पाटी घेऊन आली तेव्हा अंगणात एकच घमेले होते. तिने त्याकडे पाहिले आणि पुढच्या ओळीत जाऊन बसली.

पुढे माझी मलकापूरकडे बदली झाली, गुरुजी निवृत्त होऊन साखरखेर्ड्याला गेले, कमल लग्न होऊन घाटाखाली आली. परवा आम्ही दोघी मिळून गुरुजींच्या घरी जाऊन आलो. गाडीत ती म्हणाली, "बाई, खरं सांगू? मले त्या बकऱ्यायचा राग अजून येते. पन चारचौघात 'चूक माही' म्हननारा मानूस म्या तो एकच पाह्यला. नवऱ्याले शिकवून राह्यले, अजून जमत नाही त्याले." मी हसले, तीही हसली.

काकूंनी, म्हणजे गुरुजींच्या पत्नीने, चहा दिला. घर लहान, नीटनेटके. काकूंचे रडून झाले होते. चहा झाल्यावर कमल कपबश्या विसळायला अंगणात गेली. विसळून झाल्यावर पाण्याचे भगुने हातात घेऊन ती उभीच राहिली. इकडे बघे, तिकडे बघे. टाकेना. काकू दारातून म्हणाल्या, "टाक ना माय, कुठी बी टाक."

"काकू, इथलं पानी कोन्या समुद्राले जाते?" कमलने विचारले.

काकूंनी अंगणाच्या एका कोपऱ्याकडे पाहिले, मग दुसऱ्या कोपऱ्याकडे पाहिले.

"मले काय माहीत माय," त्या म्हणाल्या. "मी त्यायलेच विचारत होते."